टिपणीसांची हरकत

शशिकांत टिपणीस केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता आणि रविवारी मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकल उडवायचा. निदान आपण उडवतो असा त्याचा समज होता. त्याच्या बायकोने, विनयाने, एकदा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ त्याने संथ करून पाहिला, तेव्हा उंचवट्यावरून गाडीची चाकं जेमतेम वीतभर वर गेलेली दिसली.

"अरे, आपल्या सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून डिलिव्हरीवाले याहून उंच उडतात," विनया म्हणाली. व्हिडिओ कुणाला पाठवायचा विचार त्याने सोडून दिला.

पंचेचाळिशी उलटलेली, पोट पट्ट्याबाहेर डोकावणारं. शोरूममधून आणलेल्या गाडीचे दिवे-आरसे काढून, जाड दातांचे टायर बसवून तो ती टेम्पोत घालायचा आणि दिल्लीतल्या मयूर विहारहून हरियाणात मानेसरच्या पलीकडे शर्यतीला जायचा. तिथे तो शेवटून तिसरा यायचा. कुणाची गाडी बंद पडली तर शेवटून चौथा.

याचं कारण त्याला लवकरच सापडलं, आणि ते पोट नव्हतं. तिथल्या एका गाड्यांच्या कंपनीचा संघ शर्यतीत अशी गाडी आणायचा, जी जगात कुठल्याच दुकानात मिळत नव्हती. रंग न दिलेली, हाताने जोडलेली, कारखान्यात अजून घडत असलेली प्रायोगिक गाडी. ती चालवायचा कोल्हापूरचा सुजय, आणि दर वेळी तोच जिंकायचा.

"आम्ही दुकानातली गाडी घेऊन यायचं आणि यांनी प्रयोगशाळा घेऊन यायचं? बिल्कुल नाही चालणार!" शशिकांत घरी गरजला.

"पण तो पहिला येतो, तू शेवटून तिसरा. मधल्यांकडे कुठली प्रयोगशाळा आहे?" विनयाने विचारलं. हा मुद्दा त्याने विचारार्थ घेतला नाही.

आयोजकांच्या बैठकीत तो उभा राहिला. गाडीवर थरथरणारा हा माणूस बैठकीत मात्र वाघ होता. सारी नोकरी त्यातच गेली होती. 'तत्त्वतः', 'समान संधी', 'अनिष्ट पायंडा' असे शब्द त्याने असे काही फेकले की आयोजकांनी दमून नियमच केला: पुढच्या हंगामापासून शोरूममध्ये मिळणारीच गाडी शर्यतीत उतरेल. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. राज्यघटनेत दुरुस्ती केल्यासारखा चेहरा करून शशिकांत घरी आला.

नवा हंगाम सुरू झाला. सुजय आला तो अगदी शशिकांतसारखीच गाडी घेऊन, रंगसुद्धा तोच. पूर्वी तो एका शर्यतीत शशिकांतला एक फेरी मागे टाकायचा. या वेळी त्याने दोन फेऱ्या मागे टाकलं.

शर्यत संपल्यावर सुजय सरळ त्याच्याकडेच चालत आला. आता हा भांडणार, म्हणून शशिकांतने हेल्मेट डोक्यावरच ठेवलं. सुजय वाकून पायाच पडला.

"काका, लय उपकार झाले बघा तुमचे! ती गाडी म्हणजे निव्वळ जनावर होतं. शर्यत झाली की मनगटं सुजायची. कंपनी म्हणायची, चालव आणि काय बिघडतंय ते सांग. तुमच्यामुळं सुटलो."

"म्हणजे तू त्या गाडीमुळे जिंकत नव्हतास?"

"छे हो! ती असूनबी जिंकत होतो."

ही हकिगत ऐकून विनया हसत हसत ओट्याला टेकली. शशिकांतने मग काही रविवार पाठ दुखते म्हणून घरीच काढले. पाठ ठीक होती.

अशातच कंपनीच्या शर्यत विभागाच्या प्रमुख, हेमलता, यांचा फोन आला. "टिपणीस सर, आमची गाडी आता तुमच्या कृपेने शर्यतीत येत नाही. आमच्या ट्रॅकवर येऊन तुम्ही चालवून बघाल?"

"मी? सुजय आहे ना!"

"त्याचा हात फार चांगला आहे. गाडीची खोड तो नकळत सांभाळून घेतो, आम्हाला कळतच नाही. उद्या ही गाडी जो विकत घेईल, तसा कुणीतरी हवाय."

"म्हणजे साधारण चालवणारा."

"खरं सांगू? साधारणच्या थोडं खाली."

शशिकांतला राग आला. फोन ठेवायला हवा, असंही वाटलं. पण एवढ्या नोकरीत तो जसा आहे तसाच हवा, असं कुणी म्हटलं नव्हतं. तो "बरं" म्हणाला.

पहिल्याच उंचवट्यावर गाडीने मागून लाथ घातली आणि तो गवताच्या गठ्ठ्यांत जाऊन पडला. दात शाबूत आहेत ना, हे जिभेने चाचपत असताना हेमलता धावत आल्या. लागलं नाही ना, हे विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "नेमकं काय झालं?"

"प्रथमतः," तोंडातली माती थुंकत शशिकांत म्हणाला, "मागचं चाक माझ्या आधी निघालं." सगळे हसले, तोही हसला. हेमलतांनी मागचे शॉक-ॲब्सॉर्बर मऊ करायला सांगितले.

मग तो दर शनिवारी पडू लागला. वळणावर पडला, चढावर पडला, एकदा तर उभ्या गाडीवरून पडला. तेव्हा सीटची उंची कमी झाली. प्रत्येक वेळी गाडी थोडी माणसाळत गेली. विभागात 'टिपणीस चाचणी' असा शब्दच रूढ झाला. अखेर तो न पडता पूर्ण फेरी मारून आला, तेव्हा सगळ्यांत जोरात शिट्टी सुजयने मारली. घरी येऊन शशिकांतने विनयाला सांगितलं, तेव्हा ती हसली नाही. गुडघ्याला मलम लावत तिने ती फेरी पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावली.

यथावकाश गाडी दुकानात आली. माहितीपत्रकावर छापलं होतं: 'कुणालाही सहज हाताळता येईल अशी'.

"यातलं 'कुणालाही' म्हणजे मी," शशिकांतने विनयाला वाचून दाखवलं.

आता मानेसरच्या शर्यतीत बरेच जण तीच गाडी आणतात. शशिकांतही तीच चालवतो. गाडी खरंच सोपी झाली आहे, त्यामुळे परवापरवा शिकलेली पोरंसुद्धा त्याला मागे टाकून जातात. जाताना हात करतात, आणि हँडल सोडायची हिंमत नसल्यामुळे तो नुसती मान हलवतो.