जोडी लागते

माझा आवाज असा आहे की मारुंजीत मी भाजीवाल्याला हाक मारली तर माणमधली कुत्री उठून बसतात. संस्थेनं मला शिवणबाई म्हणून घेतलं ते माझ्या शिलाईसाठी नव्हेच. मोबाईलला रेंज नाही अशा डोंगरात ही एकदा ओरडली की चार वाड्या गोळा होतील, असा संस्था चालवणाऱ्या सरांचा हिशेब असणार. संस्थेची जीपही माझ्याच जातकुळीची. ताम्हिणीत ब्रेक दाबावा तेव्हा कुठं ती पौडात थांबायची.

मुळशी धरणाच्या फुगवट्याच्या वर कातकऱ्यांची एक वाडी आहे. तिथल्या ग्रामपंचायतीच्या खोलीत आमचा शिवणवर्ग चालायचा. पायमशिनी सगळ्या दान आलेल्या, एकेक माझ्या आजेसासूपेक्षा म्हातारी. सगळ्या एकदम सुरू झाल्या की पलीकडच्या काठावरच्या म्हशी दूध चोरायच्या. वर्गातल्या एकीचा हात मात्र देवाचा होता. तिची टीप इतकी सरळ की तिच्यावरून डोळे मिटून एसटी न्यावी. बाई बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. पहिल्या आठवड्यातच तिनं मला विचारलं, "बाई, ह्याच्यावर सा म्हयनं निभंल का?"

कुठले सहा महिने, ते मला ठाऊक होतं. दिवाळी झाली की कोळशाच्या भट्टीचा टेम्पो येतो आणि वाडी खाली उतरते. म्हातारी माणसं, पोरं, कोंबड्या, भांडी, सगळं त्यात चढतं. घरांची दारं तारेनं बांधतात. पावसाच्या तोंडाशी परत. तिची थोरली मुलगी यंदा दहावीला होती. वाडीतून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. दर साली दिवाळीपासून शाळा बुडवून, परत येऊन, मास्तरांच्या हातापाया पडून ती वर सरकली होती. दहावीला ते चालणार नव्हतं. आई वाडीत राहिली तर मुलगी राहील, आणि शिलाई मिळाली तर आई राहील. इतकं सरळ गणित मला आयुष्यात दुसरं भेटलं नाही.

त्यात पहिली अडचण आली ती आमच्याच संस्थेची. वर्ग संपला, बायकांना फोटोसकट प्रमाणपत्रं मिळाली आणि मशिनी पुढच्या वाडीला न्यायचं ठरलं. म्हणजे पोहायला शिकवायचं आणि जाताना नदी घेऊन जायची. मी सरांना समजावून बघितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी मशिनी न्यायला जीप घेऊन आले.

सगळ्या मशिनी बाहेर निघाल्या. कोपऱ्यातली शेवटची राहिली तेव्हा मी दारात आडवी झाले. म्हटलं, सर, तिच्यामागं आग्यामाशांचं पोळं आहे. माशी म्हणजे चिमणीएवढी. मागच्या आठवड्यात ग्रामसेवक दार उघडायला गेले, ते अजून पळतायत, काल लोणावळ्यात कुणीतरी बघितले म्हणे. ड्रायव्हर तिथल्या तिथं जीपमध्ये जाऊन बसला. सरांनी काच वर घेतली आणि आतूनच विचारलं, माश्या जातात कधी? मी म्हटलं, पावसाळ्याच्या तोंडाशी. वाडीतल्या बायका पदरात तोंड घालून उभ्या होत्या. तीही हसली. तिला हसताना मी तेव्हाच काय ते बघितलं.

कामाची सोय मारुंजीत होती. आमच्या चाळवजा बिल्डिंगीत भाडेकरू आहेत, हिंजवडीच्या ऑफिसांत जाणारे. कुणी लातूरचं, कुणी अमरावतीचं. त्यांना कॉम्प्युटर उघडून परत जोडता येतो, पण पँटची पट्टी उसवली तर ते आईला फोन लावतात. त्यांच्या पँटी, त्यांच्या बायकांच्या साड्यांचे फॉल-पिको, खिडक्यांचे पडदे, सगळं मी गोळा करायला लागले. पिकोचं मशीन माझ्याकडं होतं, बाकीचं तिच्याकडं जायचं. दर आठवड्याला गाठोडं घेऊन मी वर जायची आणि आधीचं घेऊन खाली यायची. दिवाळीआधीच तिच्याकडं इतकं काम साठलं की मुलगी बटणं लावता लावता इतिहास पाठ करायची.

दिवाळी झाली. दोन आठवडे भाडेकरू गावाला गेले म्हणून गाठोडंच नव्हतं, मी वर गेले नाही. त्यानंतर गेले तेव्हा वाडी रिकामी होती. प्रत्येक दाराला तार. पण खोलीतून मशीनचा आवाज येत होता आणि मला वाटलं, जिंकलो आपण. गाठोडं टाकलं, पाणी प्यायले आणि विचारलं, पोरगी शाळेत?

ती पाय थांबवेना. टीप पूर्ण केली, दोरा दातानं तोडला.

"तिच्या बापासंगं गेली."

"कशाला?"

"जोडी लागती, बाई."

मग तिनं थोडं थोडं करून सांगितलं. वाडी निघाली त्या सकाळी ती धाग्याची रिळं आणायला पौडाला गेली होती. टेम्पो एक दिवस आधीच आला. नवऱ्यानं जोडीचा शब्द मुकादमाला भर पावसाळ्यातच दिलेला. भट्टीवर एकटा माणूस कुणी घेत नाही. एकानं लाकूड तोडायचं, दुसऱ्यानं भट्टी राखायची. आत आग धुमसत असते, वरची माती कुठं फुटली की धावत जाऊन बुजवायची, नाहीतर सगळ्या लाकडाची राख. मुकादमानं विचारलं, तुझी दुसरी कुठाय? नवरा खाली बघत उभा राहिला. मुलगी घरात जाऊन दोन कपडे घेऊन आली आणि टेम्पोत चढली.

 आमच्या संस्थेत बायकांसाठी योजना होती, पोरांसाठी होती, कोंबड्यांसाठीसुद्धा होती. तिचा नवरा कुठल्याच योजनेत बसत नव्हता, म्हणून त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. तो माणूस वर्गाच्या दाराशी रोज बसायचा. मी त्याला जीपला धक्का मारायला सांगायचे.

"मी येकटी कुटं शोधू? वाट बगत व्हते तुमची," ती म्हणाली.

दोन दिवसांनी ड्रायव्हरला पटवून मी जीप काढली, तिला बरोबर घेतलं. सरांना सांगितलं, नव्या वाडीची पाहणी. ताम्हिणी उतरून आम्ही विचारत विचारत गेलो. भट्टी लांबून दिसत नाही, धूर दिसतो. रानात मातीचे ढिगारे, आणि ढिगाऱ्याच्या फटीतून निळा धूर. एका ढिगाऱ्यावर मुलगी उभी होती, हातात फावडं. तोंडाला ओढणी बांधलेली, तरी भुवयांपर्यंत काळी. आईला बघून खाली उतरली नाही. उतरता येत नव्हतं. पायाशी माती फुटत होती ती बुजवत राहिली.

मुकादम बरा माणूस निघाला, हेच वाईट. आरडाओरडा करणारा असता तर माझ्या आवाजापुढं टिकला नसता. त्यानं आम्हाला चहा दिला. म्हणाला, "ताई, मला काय, कोणतीबी दोन माणसं चालत्यात. आईला ठेवा, पोरीला न्या. पन पेटलेली भट्टी मधी सोडता येत न्हाई, कुटं फुटती ते राखनाऱ्यालाच ठावं. कोळसा काडाया उगडली की न्या." मग तिकडं बघत म्हणाला, "हात चांगला हाय पोरीचा. फुडच्या साली लगीन लावा, हिची वायली जोडी व्हईल."

आईनं ते ऐकलं. चहाचा कप खाली ठेवला, पदर खोचला आणि ढिगाऱ्याकडं गेली. मुलीच्या हातातलं फावडं घेतलं. मुलीनं ते परत ओढलं. मला वाटलं आता दोघी रडतील, पण दोघी भांडल्या.

"तुजी शिलाई हाय न्हवं? तू जा," मुलगी म्हणाली.

"आन् तुजी परीक्षा?"

"तू हितं बसलीस तर तितं मला खायाला कोन घालंल?"

बाप रचलेल्या लाकडांआडून बघत होता. कुऱ्हाड थांबवली नव्हती.

शेवटी आई तिथंच राहिली. मला म्हणाली, भट्टी उघडली की पोरीला एसटीत बसवून देते, तुमी तिला मारुंजीला ठिवून घ्या. मी म्हटलं, खोली रिकामी आहे. खोली रिकामी नव्हती, पण ती मी केली असती.

एक भट्टी उघडायच्या आत दुसरी पेटवतात, हे मला नंतर ड्रायव्हरकडून कळलं. निरोप पाठवला की निरोप यायचा, पुढची उघडली की. आता भट्टीवर तीन माणसं राबत होती आणि मोजली जात होती एकच जोडी. अर्धवट पँटी भाडेकरूंना परत केल्या. सरांना मीच कळवलं की माश्या उडाल्या, मशीन घेऊन जा. त्यांनी आनंदानं नेलं.

दहावीच्या पहिल्या पेपरला मी पौडातल्या केंद्राच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. मुलांच्या कपाळाला कुंकू, हातात पारदर्शक पाऊच, आया पाण्याच्या बाटल्या घेऊन. आमच्या पोरीच्या शाळेचे मुख्याध्यापक तिचं हॉलतिकीट घेऊन आले होते. म्हणाले, आली का? मी म्हटलं, सर, कांजिण्या आल्यात तिला. एकेक फोड लिंबाएवढा. डॉक्टर बघून घेरी येऊन पडले.

ते हसले नाहीत. "बाई, तुमच्या वाडीला दर साली दिवाळीनंतरच कांजिण्या कशा येतात?"

मी म्हटलं, जुलैत बसेल ती. पावसाच्या आधी परत येतात ना सगळे.

"येतात," ते म्हणाले. "सगळे नाही येत."

घंटा झाली. शिपायानं फाटक ओढून घेतलं. ताम्हिणीकडून एक एसटी आली आणि थांबली. उतरणारा प्रत्येक माणूस मी बघितला, मग वर चढून मागच्या बाकांपर्यंत जाऊन बघितलं. कंडक्टरनं विचारलं, कुटं जायाचंय? मी म्हटलं, कुठंच नाही, आणि खाली उतरले.