धाडजवळ उतरलेली पेटी

मी मुंबईत संशोधन करत होतो तेव्हाची गोष्ट. एका दूरच्या दीर्घिकेच्या मध्यातून तापलेला वायू उसळून बाहेर पडतो आहे, असं दुर्बिणीच्या फोटोंवरून दिसत होतं. इतका तापलेला वायू क्ष-किरण सोडत असणार, पण ते हवेतून जमिनीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून तीन वर्षं खपून मी एक यंत्र तयार केलं आणि हैदराबादहून मोठ्या फुग्याला बांधून ते आकाशात सोडलं. सगळ्या नोंदी आतल्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर होत्या. यंत्राची पेटी परत हाती आली तरच उपयोग.

वाऱ्याने फुगा भलताच लांब नेला. पेटी पॅराशूटने उतरली ती धाडजवळच्या एका शेतात. माझं गाव चिखली तिथून जवळच. मला वाटलं, घरच्या अंगणातच पडली. तिसऱ्या दिवशी जीपने पोचलो.

पोलीस पाटील वाट पाहत होते.

"आमाले वाटलं बाम आहे," ते म्हणाले. "आतमंदी टिकटिक करून राह्यला होता. मंग दोर बांधून विहिरीत सोडला."

"केव्हा?"

"पडला त्याच दिशी. कोणाले जवळ नाही येऊ देलं. मी सोता उचलला."

साठीचा माणूस. बॉम्ब समजून ती जड पेटी त्यांनी छातीशी धरून विहिरीपर्यंत नेली होती.

आम्ही ती वर काढली. झाकण उघडताच पाणी वाहिलं. फिल्मवरचा थर लिबलिबीत होऊन माझ्या बोटांना लागला.

"कामाचं होतं का काही?"

"नाही, काका."

त्यांनी आग्रहाने जेवायला बसवलं.

मुंबईत मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं.

"फिल्म कोरडी असती तरी काही दिसलं नसतं," ते म्हणाले. "दीर्घिका फार लांब आहे. आपलं यंत्र तेवढ्या ताकदीचं नव्हतं."

"मग फुगा सोडू का दिलात, सर?"

"तुम्ही यंत्र इतक्या मनापासून बनवलं होतंत."

पुढचे फुगे इतरांच्या प्रयोगांना गेले. मी खामगावला कॉलेजात शिकवू लागलो.

काही वर्षांनी तिथल्या वाचनालयात एका परदेशी मासिकात चित्र पाहिलं. उपग्रहावरच्या दुर्बिणीला त्याच दीर्घिकेतले क्ष-किरण दिसले होते. तिथे तारे भराभर जन्मतात, फुटतात आणि वायू तापवून बाहेर लोटतात, असं लिहिलं होतं. आमचा अंदाज खरा होता. आनंद झाला नाही. शेजारी बसलेल्या प्राध्यापकांना दाखवावं म्हणून वळलो, पण मासिक मिटून पुन्हा जागेवर ठेवलं.