मंदाबाईचा पडदा

“पाच पोरी ओट्यावर हात पसरून उभ्या,” नाना म्हणत होते, “आणि आपल्या घरची सून टेप घेऊन त्यांची मापं घेतेय. तीही पँटची. बठ्ठा गाव पाही ऱ्हायना, मंदा.”

नाना म्हणजे मंदाबाईचे जेठ, थोरले दीर. रागावले की ते अहिराणीवर येत; सगळा गाव बघतोय, असं त्यांचं म्हणणं. वाद सकाळच्या चहाला सुरू झाला होता आणि एव्हाना दुसरा चहाही होऊन गेला होता. मंदाबाई काजं करत होती. तिनं मान वर केली नाही.

चोपड्यातल्या या गल्लीत ‘वना टेलर्स’ ही पाटी सव्वीस वर्षं आहे. वना मंदाबाईचा नवरा. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातो आणि त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. शिवते मंदाबाई. तिनं मशीन मांडली तेव्हा नानांनीच अट घातली होती की परक्या पुरुषांची मापं घ्यायची नाहीत. म्हणून पुढच्या खोलीत मधोमध जाड लाल पडदा आला. गिऱ्हाईक पडद्याखालून मापाला जुना सदरा सरकवतं आणि ती त्यावरून नवा शिवते. कुणाचा खांदा उतरलेला आहे, कुणाचं पोट दर दिवाळीला बोटभर पुढं येतं, हे तिला पाठ आहे. चेहरे मात्र तिनं पाहिलेले नाहीत. नाना लग्नाकार्यात तिनंच शिवलेली सफारी घालून मिरवतात आणि कुणी विचारलं तर सांगतात, आमच्या वनाचा हात आहे.

तिची मुलगी दिपमाला नववीत. तिनं दिवाळीत रद्दीच्या दुकानातून जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा आणला होता. त्यात सोळा-सतरा वर्षांच्या पाच पोरांची टोळी. तोंडावर मुखवटे, पाठीवर फडफडणारे डगले. ती हवेत उडायची, पडता पूल हातांवर तोलायची. चार मुलगे आणि एक मुलगी. ती मुलगी डोंगरातल्या तळावर यंत्रापाशी बसून बाकीच्यांना सावध करायची. मंदाबाईनं मेथी निवडता निवडता सगळी पुस्तकं वाचली आणि विचारलं, हिला लढता येत नाही का? दिपमाला म्हणाली, येतं ना, पहिल्या अंकात दाखवलंय. मग बसवली तिला.

आता शाळेच्या गॅदरिंगमध्ये तीच टोळी उभी राहणार होती, पाचही पोरीच. दिपमाला म्होरक्या. बाकावरून उडी मारून तीच आधी येणार होती.

मंदाबाईनं सवयीप्रमाणे मापाला कपडे मागवले. चौघींच्या घरून भावांच्या पँटी आल्या. काम मुलाचं आहे तर कपडाही मुलाचाच द्यावा, असं चारही आयांनी आपापल्या घरी परस्पर ठरवलेलं. मंदाबाईनं त्याच बेतानं शिवलं, आणि तालमीत दुष्टांना पकडायला निघालेली टोळी कमरेशी पँटी धरूनच पळाली. पुन्हा मापं घेणं आलं. पडद्यामागं पाचजणी मावेनात, म्हणून तिनं त्यांना ओट्यावर उभं केलं. तेच नानांनी पाहिलं.

आता नाना जरा नरमले. आपण काही आडमुठे नाही, म्हणाले.

“दिपमालानं त्या तळावरच्या पोरीचं काम घ्यावं. मागं बसून माइकवर बोलायचं. नाटकात राहील, आणि दिसणार पण नाही.”

वनाचा जीव भांड्यात पडला. हे बरं आहे, तो म्हणाला, दोघांचंही राहतं.

दिपमाला रडली नाही. तिनं फक्त आपली नवी पँट उचलली, शिवणीला शिवण जुळवली आणि घडी घालायला घेतली. मंदाबाईचे हात काजावर थांबले. पडदा लागला त्या दिवशी तिनं स्वतः मापाची टेप अशीच गुंडाळून डब्यात ठेवली होती.

ती उठली. स्टूल ओढून त्यावर चढली आणि पडद्याची सळई काढली. कड्या खळखळत खाली आल्या. पडदा तिनं टेबलावर पसरला. चार डगले तयार होते, पाचव्याला कापड कमी पडलं होतं. तिनं खडूनं गळ्याचा गोल मारला.

“अवो, गिऱ्हाईक येईल आता,” वना म्हणाला.

“येऊ दे.”

कात्री मधोमध चालली. नाना उंबऱ्यात उभे होते, गल्लीकडे पाठ करून. पहिल्यांदाच मशीन रस्त्यावरून सरळ दिसत होती.

“हा दिपमालाचा डगला,” मंदाबाई म्हणाली. “ती म्होरक्या आहे, उडी तीच मारेल. शुक्रवारी गॅदरिंग आहे, दुकान बंद. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. शनिवारपासून ज्याला कपडा शिवायचा त्यानं माझ्यासमोर उभं राहून माप द्यायचं. नाना, तुम्हीसुद्धा. तुमचा डावा हात पाऊण इंच आखूड आहे, सदऱ्यावरून किती दिवस अंदाज करू?”