लिंबं मी आणलेली नव्हती

शहराच्या कडेला, येलहंक्याच्या घरात आम्ही तीन पिढ्या मराठी बोलत, कन्नड मिसळत वाढलो. बेचाळिसाव्या वर्षी मी तिथून निघाले आणि शहराच्या मध्यभागी, ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर घर भाड्यानं घेतलं. "पोटमाळ्यावर राहायला जातेस?" आईनं विचारलं. घरमालक त्याला लॉफ्ट म्हणत असे. पूर्वी तिथं शर्ट शिवायचा कारखाना होता. मालक स्वतः इंटिरियर डिझायनर. त्यानं सगळ्या भिंती पाडून एकच लांबलचक खोली केली होती: उघड्या विटा, लोखंडी तुळया, एका टोकाला ओटा आणि वर जिना चढून झोपायला लाकडी माळा. दारं दोनच, बाहेरचं आणि न्हाणीघराचं. मला ते फार आवडलं.

दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ओट्यावरचा पापडांचा डबा दिसेना. तो ओव्हनमध्ये सापडला. मीच ठेवला असेन, असं मनाला समजावलं. पुढच्या आठवड्यात पांघरुणाची घडी वेगळीच होती, हॉटेलात घालतात तशी. मग टेबलावरच्या काचेच्या भांड्यात सात पिवळीधमक लिंबं दिसली. लिंबं मी आणलेली नव्हती.

घराची दुसरी किल्ली फक्त अक्कांकडे होती. त्या के. आर. पुरमहून गाडीनं यायच्या आणि मी ऑफिसात असताना केर-लादी करून जायच्या.

"अक्का, ही लिंबं तुम्ही आणलीत?"

"नाही अम्मा. मला वाटलं तुम्हीच."

त्यांनी पटकन उत्तर दिलं, आणि त्या पटकनपणाचाच मला संशय आला. तेव्हापासून मी निघताना खुर्च्यांच्या जागांचे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू लागले. घरी आल्यावर चप्पल काढण्याआधी ते फोटो उघडून बघायचे.

एका मंगळवारी देव्हाराच जागेवर नव्हता. माझ्या आजीचा छोटा लाकडी देव्हारा जिन्याखाली, टॉवेलनं झाकलेला सापडला. आतला बाळकृष्ण आडवा पडला होता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशिरा निघाले.

"देवाला कुणी हात लावला?"

"आंघोळ केल्याशिवाय मी देवाला शिवत नाही अम्मा," अक्का म्हणाल्या.

"मग तो आपण होऊन जिन्याखाली गेला का?" माझा आवाज चढला होता. "किल्ली द्या. यापुढे मी घरी असेन तेव्हाच या."

त्यांनी पदराची गाठ सोडली, किल्ली ओट्यावर ठेवली आणि हातातला झाडू कोपऱ्यात नीट उभा करून गेल्या. परत आल्याच नाहीत.

पण वस्तू हलतच राहिल्या. अक्कांनी दुसरी किल्ली करून घेतली असणार, असं मी धरून चालले. भावाला फोनवर तसं ठामपणे सांगितलंही.

मग एका गुरुवारी दाताच्या डॉक्टरांकडे गेले आणि तिथून साडेअकराला थेट घरी आले. दाराबाहेर चार जोड बूट-चपला. आत मालक, स्वतःजवळची किल्ली बोटाभोवती फिरवत, एका जोडप्याला आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांना घर दाखवत होता. जोडप्यातली बाई वर माझ्या गादीवर बसली होती.

"मॅडम, आज इतक्या लवकर?" मालकानं विचारलं.

"माझ्या घरात काय चाललंय?"

"माझे क्लायंट आहेत. राहतं घर बघितलं की लोकांना कल्पना येते. तुम्ही ठेवलंयही छान." तो हसला. "कौतुक समजा."

"आणि देव्हारा?"

"फोटोत तो जरा मॅच होत नाही."

गादीवरची बाई घाईनं खाली आली. "सॉरी मॅडम, इथं कुणी राहतं हे आम्हाला सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली आणि नवऱ्याला ओढत बाहेर गेली. मी मालकासमोरच कुलूपवाल्याला फोन लावला. मालक थोडा वेळ करारातली कलमं सांगत राहिला, मग गेला.

रविवारी मी के. आर. पुरमला अक्कांच्या घरी गेले. त्यांनी कॉफी केली. मी माफी मागितली, सगळं सांगितलं.

"ते ना," त्या म्हणाल्या. "मला लिफ्टपाशी दिसायचे की. कोट घातलेली माणसं, गळ्यात कॅमेरे. मला वाटलं, तुम्हीच बोलावलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तसं विचारलंत कुठं अम्मा? तुम्ही किल्ली मागितलीत."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. "सरी, बिडी," त्या म्हणाल्या, म्हणजे असू दे, सोडा आता. स्टेशनपर्यंत त्या मला सोडायला आल्या आणि वाटभर मुलीच्या नर्सिंगच्या परीक्षेबद्दल बोलत राहिल्या. कामावर परत याल का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या नुसत्या हसल्या.

करार संपेपर्यंत मी तिथंच राहिले. त्या लांबलचक खोलीचा केर रोज सकाळी मीच काढत असे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईतो पाठ भरून येई.