अनुमोदक लंकाबाई

लंकाबाईचा डावा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला त्या साली तिचं तोडीला जाणं सुटलं. घोट्याचं हाड वाकडं जुळलं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढायचं म्हणजे दोन्ही पाय धड हवेत. तेव्हापासून तिचा नवरा बिभीषण थोरल्या लेकासुनेला घेऊन प्रवरेकडच्या कारखान्यावर जाई, आणि लंकाबाई माळवस्तीवर मागं राही.

माळवस्ती म्हणजे बोरपिंपळची वस्ती. खर्ड्याच्या पुढं, डोंगराच्या उताराला. घरं साठ-एक, आणि दसरा झाला की त्यातल्या पन्नासांना कुलपं. मागं उरायची म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. ही पोरं लंकाबाईच्या पदरात पडली. पहिल्या वर्षी चार होती, मग सात, मग अकरा. त्यांच्या भाकरी, त्यांची डोकी, त्यांचे ताप, सगळं तिच्याकडं. आया फोनवर म्हणायच्या, "लंकाबाई हाय म्हनून आमी हितं जीव लावून तोडतो." तिला ते ऐकून बरं वाटे. पाय गेला पण माणसांत किंमत राहिली, असं ती मनाशी म्हणे.

पाणी मात्र नाल्यापलीकडच्या हापशावरून. वाकड्या पायानं दिवसाला बारा खेपा.

म्हणून सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा आहे आणि नळयोजनेचा विषय आहे हे कळल्यावर ती पोरांना जेवू घालून गावात गेली. मंदिराच्या सभामंडपात शंभरेक माणसं होती. सरपंच पुष्पावतीबाई खुर्चीवर पदर सावरून बसल्या होत्या आणि बोलत होते त्यांचे मालक, गोरक्षनाथ तात्या. कागदावर बाई सरपंच, कारभार तात्यांचा. हे गावाला माहीत होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

प्रश्न असा होता की सरकारकडून येणारा निधी टाकीला आणि गावठाणातल्या लाइनीला जेमतेम पुरत होता. माळवस्तीपर्यंत दीड किलोमीटर पाइप न्यायचा तर वरचे पैसे कुठून आणायचे? कुणी म्हणालं, घरटी लोकवर्गणी काढा. त्यावर गलका झाला. निवृत्त शिक्षक रंगनाथ गुरुजी उठून म्हणाले, "वर्गणी सरसकट नको. ज्याची बागायत जास्त त्यानं जास्त द्यावं. पाणीपट्टीही तशीच लावावी." हे ऐकून पुढच्या रांगेतले बागायतदार त्यांच्याकडं असे बघायला लागले, की गुरुजींनी उपरणं सारखं केलं आणि ते खाली बसले. कुणी म्हणालं, वित्त आयोगाचे पैसे वळवा. ग्रामसेवक म्हणाला, ते गटारीला बांधलेत.

मग तात्यांनी घसा साफ केला. "सोपं हाय. वस्तीची लाइन तूर्त राहू द्या. सा महिने तिथं मानूसच नसतं. कुलपाला तहान लागती व्हय?"

सभामंडप हसला. बायकासुद्धा हसल्या.

लंकाबाई उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती इतक्या माणसांत बोलत होती. "तात्या, कुलपं हायेत पन आत पोरं हायेत. माज्याकडंच अकरा हायेत. म्हातारी मानसं हायेत. मानूस बाहीर गेलं म्हनून त्याचं घर मेलं का? वर्गनी लावा, मुकादमाच्या उचलीतून देऊ आमी. पन लाइन तोडू नगा."

कुणीतरी मागून म्हणालं, "वस्तीची पुढारीन!" पुन्हा हशा. पण तात्या हसले नाहीत. त्यांनी हात वर करून लोकांना गप्प केलं.

"वहिनी बोलल्या ते बराबर हाय. गरिबाचं म्हननं नोंदवून घेतलंच पायजे. ग्रामसेवक, लिवा. या वहिनी, हितं सही करा. अंगठा न्हाई ना?"

"न्हाई," लंकाबाई ठसक्यात म्हणाली. "सही येती मला."

साक्षरतेच्या वर्गात ती आपलं नाव काढायला शिकली होती. वाचता मात्र धड येत नव्हतं; अक्षर लावता लावता आधीचं विसरायचं. ग्रामसेवकानं बोट ठेवलेल्या जागी तिनं, जीभ दातात धरून, सावकाश नाव काढलं. कागदावर वरचं बरंच कोरं होतं. ते तिला दिसलं, पण लिहायचं काम ग्रामसेवकाचं, आपण कशाला विचारा, असं तिला वाटलं.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला फोन लावला. "बोलले मी. सगळ्या गावाम्होरं बोलले. लिवून घेतलं त्यांनी."

बिभीषण आपल्या पाचटाच्या कोपीतून ओरडून शेजारपाजाऱ्यांना सांगत होता, ते तिला फोनवर ऐकू आलं. "नळ येनार! आमच्या हिनं भांडून आनला!"

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रॅक्टर परतले. पाइपाचा चर गावातून निघून नाल्याच्या अलीकडं थांबलेला सगळ्यांनी येतानाच पाहिला. टोळीचा मुकादम भिमाजी उतरला तो सरळ ग्रामपंचायतीत गेला आणि ठरावाचा फोटो मोबाईलवर घेऊन आला. वस्ती लिंबाखाली जमली. भिमाजीची लेक पंकजा बारावीला होती, तिनं वाचलं. आधीची दोन वर्षं ती लंकाबाईच्याच चुलीपाशी जेवली होती.

"माळवस्तीतील रहिवासी वर्षातील सहा महिने स्थलांतरित असल्याने सदर वस्तीची लाइन तूर्त स्थगित ठेवून उर्वरित निधी गावठाणासाठी वापरावा. त्यास वस्तीची हरकत नाही." पंकजा थांबली. मग तिनं पुढचं वाचलं, आवाज उतरला होता. "अनुमोदक, सौ. लंकाबाई बिभीषण."

बिभीषणनं मोबाईल हातात घेतला, सही मोठी करून बायकोसमोर धरली.

"ही तुजीच का?"

"व्हय. पन मी आसं न्हाई वो बोलले. मी तर..."

"तुजी का न्हाई, तेवढं सांग."

"माजी हाय."

एक म्हातारा पटकन म्हणाला, "घरचा भेदी लंका जाळी म्हन्त्यात. हितं तर लंकेनंच घर जाळलं." हसणं आलं, ते गावातल्या हसण्याहून वाईट होतं. म्हण तयारच होती, नाव तयारच होतं. पुढं ते वाक्य पोरंसोरंही म्हणायला लागली. त्यांतली काही तिनंच न्हाऊ-माखू घातलेली.

चार दिवसांनी घरकुलाची यादी लागली. माळवस्तीतून एकच नाव, लंकाबाईचं. तिनं अर्ज केला नव्हता. तात्यांनी ते नाव दयेनं घातलं की हिशेबानं, हे तिला कधी कळलं नाही. पण वस्तीला आता काही विचारायचं राहिलं नाही.

एक मेच्या ग्रामसभेला माळवस्ती झाडून गेली. लंकाबाई मागून, एकटी, लंगडत गेली. विषय निघाल्याबरोबर ती उभी राहिली.

"मला फसवलं. मी लाइन मागितली हुती. कोऱ्या कागदावर सही घेतली माजी."

तात्या शांतपणे म्हणाले, "वहिनी, ही सही तुमची न्हाई म्हना. मी आत्ता, या देवाम्होरं कागद फाडतो. म्हना."

सही तर तिचीच होती. खोटं तिच्या तोंडातून निघेना. मग तिला रंगनाथ गुरुजी दिसले, एका खांबाला टेकून बसलेले.

"गुरुजी, तुमी हुता. तुमी ऐकलं न्हाई का मी काय बोलले ते?"

सगळ्यांच्या माना गुरुजींकडं वळल्या. गुरुजींनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा घातला. "त्या दिवशी लई गलका होता, बाई. मला नीट ऐकू आलं न्हाई."

ग्रामसेवक कागदं चाळत राहिला. निधी खर्च झाला होता. वस्तीचं पुढच्या आराखड्यात बघू, असं ठरलं.

मेमध्ये हापसा आटला. माळवस्तीनं स्वतःच टँकर लावायचं ठरवलं, घरटी वर्गणी काढून. लंकाबाईनं पदराच्या गाठीतली नोट भिमाजीपुढं धरली. भिमाजीनं हात मागं घेतला. "तुजं न्हाई घ्यायचं, आसं ठरलंय सगळ्यांचं. तुला गावठान हाय की. जा त्यांच्याकडं."

शेवटी तोडगा निघाला. बिभीषणची वर्गणी घ्यायची, त्याला दोन हंडे द्यायचे, मात्र बाईनं टँकरजवळ यायचं नाही. बिभीषणनं मान हलवली. तो रोज हंडे आणून दारात ठेवी आणि तिच्याशी न बोलता निघून जाई. ती दाराच्या आडून टँकरचा आवाज ऐकत बसे. वापराचं पाणी पुरत नसे तेव्हा भर दुपारी, टळटळीत उन्हात, कुणी दिसत नसताना गावठाणाच्या नव्या नळावर जाई. तिथल्या बायका तिला मोकळेपणानं भरू देत. "भरा की, तुमचाच नळ हाय," म्हणत. ते तिला सगळ्यात जास्त लागे.

ऑगस्टात ग्रामसेवकाची बदली झाली. तात्यांशी त्याचं काहीतरी बिनसलं होतं. जाताना खर्ड्याच्या स्टँडवर चहा पिता पिता त्यानं भिमाजीला सगळं सांगून टाकलं: बाई काय बोलली, सही आधी कशी घेतली, मजकूर नंतर तात्यांच्या घरी कसा लिहिला. भिमाजीनं घरी येऊन बायकोला सांगितलं. आठ दिवसांत साऱ्या वस्तीला कळलं.

कुणीही लंकाबाईकडं आलं नाही. पहिल्यांदा निदान शिव्या द्यायला तरी बायका तिच्याकडं बघत होत्या. आता त्या तिला पाहून वाट बदलू लागल्या. चूक झाली म्हणायला एकाला पुढं व्हावं लागलं असतं, आणि जो पुढं होईल त्यानं काय काय केलं तेही निघालं असतं. त्यापेक्षा ती दोषी राहिलेली बरी होती.

तिला हे सगळ्यांत शेवटी कळलं. पंकजानं सांगितलं, शेळ्या वळवायच्या निमित्तानं कुंपणापाशी येऊन, खाली बघत. सांगून ती पळाली.

रात्रीचं जेवण वाढताना लंकाबाईनं नवऱ्याला विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

बिभीषणनं भाकरी मोडली. "पोळ्याच्या आदी."

"मग?"

"मग काय? समद्या वस्तीच्या तोंडाला लागू का आता? मला टोळीत ऱ्हायचंय. भिमाजीनं उचल बंद केली तर खायाचं काय?"

त्याच्या ताटात कालवण कमी दिसलं, तिनं वाढलं. मग चुलीकडं तोंड करून बसली. तो जेवला, हात धुतला, बाजेवर आडवा झाला आणि घोरायला लागला.

दसरा झाला. ट्रॉल्या लिंबाखाली येऊन उभ्या राहिल्या. यंदा एकाही घरानं पोर मागं ठेवलं नाही. अकराच्या अकरा पोरं भांड्याकुंड्यांबरोबर ट्रॉलीत बसवली. तिची सून आपल्या पोरीला, ज्ञानेश्वरीला, वर चढवत होती. चौथीतली पोर आजीच्या पदराला धरून बसली, सोडेना.

"आजी, माजी शाळा?"

सुनेनं पोरीची बोटं एकेक करून पदरातून सोडवली. "तिकडं बी शाळा असती," ती म्हणाली. तिकडं शाळा नव्हती हे तिघींनाही ठाऊक होतं.

बिभीषण पुढच्या ट्रॉलीत जाऊन बसला. ट्रॅक्टर चालू झाले, धूळ उठली. लंकाबाई धूळ बसेपर्यंत तिथंच उभी राहिली, मग हंडा उचलून नाल्याच्या वाटेला लागली.