घोडा बरोबर, प्रकार चुकला

माझा थोरला भाऊ वरातीला घोडी द्यायचा. एक पांढरी घोडी, घरात तो, वहिनी आणि लहान मुलगी, आणि लग्नसराईचे पाच-सहा महिने. त्यावर त्यांचं वर्ष निभायचं. मी आमच्याच गावात, धानोऱ्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. दादाला घोडा कळतो, याबद्दल पंचक्रोशीत दुमत नव्हतं. सारंगखेड्याच्या बाजारात लोक त्याला मुद्दाम सोबत न्यायचे. तो जनावर चार पावलं चालवून बघायचा आणि कुठल्या पायात खोट आहे ते सांगायचा. त्याचीच त्याला घमेंड होती.

एकदा विसरवाडीला वरात घेऊन गेला, तिथे फाट्यावर चहा पिताना त्याला एक माणूस भेटला. मुंबईच्या घोड्यांच्या शर्यतींवर तो फोनवरून लोकांचे पैसे लावून घ्यायचा. दादा माझ्याकडे आला तो मोबाइलवर शर्यतींचा कागद घेऊन. शर्यतीआधी घोडे फिरवतात ते त्याला मोबाइलवर दिसायचं, कागद मात्र सगळा इंग्रजीत. खाली पैसे लावायचे सात प्रकार, एकाखाली एक.

"माले घोडा समजस," तो म्हणाला, "फक्त हाई इंग्रजी समजत नही."

मी चिडवलं, की घोडामैदान जवळच आहे, बघू तुझी परीक्षा. आणि शिकवायला बसले. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. वर्गात वर्षभर पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं, आणि इथे एकदा सांगितलं की डोक्यात बसणारा विद्यार्थी. विन म्हणजे आपला घोडा पहिलाच यायला हवा. मी एवढंच सांगितलं, त्याला तेवढंच पुरे होतं.

त्याचा घोडा दुसरा आला. दादा हिरमुसला नाही, उलट खुशीत आला. घोडा आपण बरोबर ओळखला होता, नुसता प्रकार चुकला, असं त्याचं म्हणणं. मग मी त्याला प्लेस समजावलं: पहिल्या तिनात आला तरी चालतं, पैसे कमी मिळतात. पुढच्या वेळी त्याने दोन घोडे हेरले आणि दोघंही पुढे आले, पहिला आणि दुसरा. त्याने प्लेसवर लावलं होतं, हाती चिल्लर आली. यावरही प्रकार होता. पहिले दोन क्रमाने सांगायचे, तो फोरकास्ट. त्याने फोरकास्ट लावला, तर घोडे उलट क्रमाने आले. क्रम उलटला तरी चालणारा क्विनेला कागदावर होताच. असं करत करत दुसरा येणारा घोडा सांगायचा प्रकार झाला, मग टनाला झाला, त्यात पहिले तीन क्रमाने लागतात.

तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. प्रत्येक हरण्यासाठी त्या कागदावर असा एक प्रकार होता, की तो लावला असता तर आपण जिंकलो असतो. घोड्यांबद्दल आपल्याला काही कळत नाही, असं दादाला कधी वाटलंच नाही, कारण दर वेळी चूक सापडायची आणि ती चूक इंग्रजीची असायची. ती दुरुस्त करायला मी होतेच. वहिनी मला म्हणायची, ताई, तुम्ही शिकलेल्या, त्यांना दोन शब्द समजावून सांगा. मी मान डोलवायची. आजही ते आठवलं की मला माझी किळस येते.

सहा प्रकारांनंतर मी शिकवणं बंद केलं. सातवा जॅकपॉट, ओळीने पाच शर्यतींतले पाचही पहिले सांगायचे. तो मी त्याला सांगितला नाही. तेवढी अक्कल मला उशिरा का होईना, आली होती.

डिसेंबरात दादा घोडी घेऊन निघाला. तळोद्याला लागोपाठ दोन वराती आहेत, असं वहिनीला सांगून गेला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेच्या फाटकाशी उभा दिसला. खांद्यावर घोडीचं दावं होतं. आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, मालक ते घरी आणतो. मला काही विचारावं लागलं नाही.

"आखो येखादा प्रकार ऱ्हायना का?" त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वाचता येत नसलं तरी ओळी मोजता येत होत्या.

"हाई वळ तू माले कधीच वाची दाखाडी नही."

तो रागावला असता तर मी त्याला हाकलून दिलं असतं. पण तो विनवत होता, आणि मला त्याने असं कधीच काही मागितलं नव्हतं. मी नाही सांगितलं तर फाट्यावरचा सांगेल, असंही मनाशी म्हटलं. पळवाट काढायला मी हुशार आहे. मी ती ओळ वाचून दाखवली. त्याने दोनदा नीट विचारून घेतलं, पाचही का, की चार चालतील. पाचही, मी म्हटलं. घंटा झाली, तो गेला.

पाचांतली पहिलीच शर्यत चुकली, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. दादाचा फोन लागत नव्हता, पण तो शाळेत येऊन गेल्याचं कुणीतरी तिला सांगितलं होतं. म्हणजे घोडी गावात आली, असं धरूनच ती बोलत होती. दोन दिवस नाचून दमली असेल, म्हणाली.

"ताई, घोडीसाठे हरबरा भिजाडी ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं.