नकोबाचा ट्रॅक्टर

आमच्या ह्यांना लोक पाठीमागे नकोबा म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होत नाही, कारण जुना ट्रॅक्टर घ्यायची वेळ आली की ह्यांच्याच दाराची कडी वाजवावी लागते. बायको म्हणून मला ते नाव आवडायला नको, पण ज्यानं कुणी ठेवलं त्याच्या डोक्याला दाद द्यावीच लागेल.

ह्यांचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरवर गेलं. नांगरणी, मळणी, विटा, वाळू, मालक सांगेल ते काम. मालक बदलले, ट्रॅक्टर बदलले, सीटवर बसणारा तोच. एवढं बसल्यावर दगडालाही यंत्राची नाडी कळेल, ह्यांना तर कळायलाच हवी होती. मग कुणी जुना ट्रॅक्टर बघायला निघालं की ह्यांना बरोबर नेऊ लागलं. ह्यांची पद्धत ठरलेली. सांगितलेल्या वेळेच्या बरंच आधी पोचायचं. गेल्या गेल्या, नमस्कार-चमत्काराच्या आधी, इंजिनावर तळहात ठेवायचा. इंजिन कोमट लागलं की समजायचं, विकणाऱ्यानं आपण येण्याआधी चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते सुरू व्हायला रडतं. मग खिशातून खडू काढायचा आणि जिथे खोट दिसेल तिथे फुली मारायची. टायरवर फुली, रेडिएटरवर फुली, नव्या रंगाखाली वेल्डिंग लपवलेलं असेल तर तिथे दोन. विकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं. शेवटी हे हात झटकून एकच शब्द बोलायचे, "नको."

त्यावर कुणी किंमत पाडून घ्यायचं, कुणी दुसरा बघायला जायचं. ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. "घ्या" असं हे आजवर कुणाला म्हणालेले नाहीत. ही गोष्ट माझ्याही कधी ध्यानात आली नव्हती, आमच्यावर वेळ येईपर्यंत.

वेळ आणली माझ्या मावशीनं. तिचं शेत रस्त्याला लागून आहे. मुलगा नोकरीला परगावी, ती त्याच्याकडे राहायला गेली आणि जाताना म्हणाली, शेत तुम्ही करा, अर्धं पीक तुमचं, अर्धं माझं. पण ती माझी मावशी आहे, लोकांना अशी सुखासुखी सोडत नाही. तिनं अट घातली की पेरणीच्या आधी सगळं शेत नांगरून दाखवायचं, आणि तेही स्वतःच्या ट्रॅक्टरनं. भाड्याचा ट्रॅक्टर सगळ्यांची शेतं झाल्यावर आपल्याकडे येतो आणि पेरणी हुकते, हे तिनं भोगलं होतं. जमलं नाही तर बांधाला लागून शेत असलेला शेतकरी तयारच होता. त्याच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर होता आणि तो रोज संध्याकाळी फिरायच्या निमित्तानं मावशीच्या बांधावर उभा राहायचा. पैसे जमले होते. कसे जमले ते सांगत बसत नाही, मला त्याचा कंटाळा आहे. राहिलं होतं ते फक्त ट्रॅक्टर निवडणं, आणि मी मनात म्हटलं, चला, ते तर आपल्या घरचं काम.

कुठलं घरचं काम. माणसाच्या पायाला भिंगरी लागली. सकाळी उठून एक ट्रॅक्टर, दुपारी दुसरा, आणि संध्याकाळी सकाळचाच पुन्हा एकदा, कारण सकाळी उन्हात धुराचा रंग नीट दिसला नव्हता म्हणे. एकाचा धूर निळा निघाला, म्हणजे इंजिन ऑइल खातंय. एकाची लिफ्ट नांगर उचलून धरायची आणि इंजिन बंद केलं की हळूहळू खाली बसायची. एकाचं सगळं ठीक होतं, तर मालक फार गोड बोलत होता म्हणून नको. घरी असले तरी घरी नसायचे. चहा पिताना गुडघा हलायचा, त्यानं बाकडं हलायचं आणि माझ्या बशीत चहा सांडायचा. घास हातात धरून खिडकीबाहेर बघत राहायचे. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की मान आपोआप तिकडे वळायची आणि आवाज विरेपर्यंत वळलेलीच राहायची. मावशीचा फोन यायचा, मी म्हणायचे, बघतायत. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा बघतायत. शेवटी ती म्हणाली, अगं, एवढ्या वेळात मी पाच जावई बघितले असते. बांधावरचा शेतकरी आता संध्याकाळची वाट न बघता सकाळीही यायला लागला होता.

अशात कुणीतरी सांगितलं की एका निवृत्त पोस्टमनला ट्रॅक्टर विकायचाय. निवृत्तीनंतर हौसेनं शेती केली, आता मुलीकडे राहायला चालला होता. मी म्हटलं, या वेळी मीही येणार. हे नको म्हणाले, ती सवयच आहे. मी गेले.

पोस्टमनच्या घरामागे पत्र्याची शेड होती. ह्यांनी बोनेटवर हात ठेवला. इंजिन थंडगार. पोस्टमन म्हणाला, तुम्ही आल्यावरच सुरू करायचं म्हणून थांबलोय. ह्यांनी खडू काढला तर तो म्हणाला, कशाला दमता, मीच सांगतो. आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. पुढची दोन्ही टायरं या वर्षी बदलावी लागतील. स्टिअरिंग जरा ढिलं आहे, डिझेलचा काटा बंद आहे. दुसरा गिअर टाकताना कुरकुरतो, पण पडतो. डावा मडगार्ड मीच झाडाला ठोकला. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची पाकिटं न फोडता पोचवली असतील, स्वतःचं मात्र सगळं फोडून समोर ठेवलं. हे त्याच्या मागून फिरत फुल्या मारत होते आणि मला पहिल्यांदाच दिसलं, खोट सापडली की ह्यांचा चेहरा जसा खुलतो तसा तो आज खुलत नव्हता. ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला. धूर जेमतेम. लिफ्टवर नांगर चढवला, इंजिन बंद केलं, आम्ही तिघं खुर्च्या टाकून चहा प्यायलो, नांगर बोटभरही खाली आला नाही. हे उठून गेले, ट्रॅक्टरभोवती फिरले, वाकून खाली बघितलं, पुन्हा फिरले. देवळातही मी ह्यांना एवढ्या प्रदक्षिणा घालताना पाहिलं नाही.

"काय म्हणता?" पोस्टमननं विचारलं.

"कळवतो," हे म्हणाले आणि चालायला लागले.

घरी येईपर्यंत मी तोंड बंद ठेवलं. घरी आल्यावर ठेवलं नाही.

"काय वाईट होतं त्यात?"

"त्यानं सगळं सांगितलं."

"मग?"

"जे सांगितलं नाही ते काय असेल?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आपलं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही खडू घेऊन आला नव्हतात म्हणून निभावलं. नाहीतर मी आज आईच्याच घरी असते, अंगभर फुल्या घेऊन." एरवी हे हसले असते. आज हसले नाहीत. दारात जाऊन उभे राहिले, परत आले, पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच ठेवून दिला. मी सोडलं नाही. मावशीचं शेत हातचं जाईल, तुम्ही पुन्हा दुसऱ्यांच्या सीटवर बसाल, म्हातारपणी कोण बसवणार आहे, असं सगळं एका दमात बोलून घेतलं. बोलताना माझाच आवाज मला कडू लागत होता, पण आता थांबणं शक्य नव्हतं.

हे खाली बसले. जमिनीकडे बघत बोलले.

"लोकांसाठी बघतो तेव्हा चुकलं तर त्यांचं चुकतं. मी फक्त नको म्हणतो. नको म्हणणाऱ्याचं कधी चुकत नाही. आता हो म्हटलं आणि तो ट्रॅक्टर निकामी निघाला, तर काय म्हणतील? आयुष्यभर जगाला अक्कल शिकवली आणि स्वतः भंगार घेऊन आला."

मला राग यायला हवा होता, कारण एवढ्यासाठी मी इतके दिवस बशीतला चहा पीत होते. पण वाईट वाटलं. माणूस यंत्राला घाबरत नव्हता, स्वतःच्या होकाराला घाबरत होता, आणि ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"मग माझं चुकू दे," मी म्हटलं. "सगळ्यांना सांगा, बायकोनं हट्ट धरला. ट्रॅक्टर मी पसंत केला. बिघडला तर शिव्या मला."

"खरंच तसं सांगू?" ह्यांनी मान वर करून विचारलं, आणि हा प्रश्न ह्यांनी मनापासून विचारला होता. मला हसावं की रडावं कळेना.

"खुशाल सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमनकडे जाऊन मीच म्हटलं, आम्हाला पसंत आहे. कागद झाले, किल्ली मिळाली. पोस्टमननं नांगरही सोबत दिला, मुलीच्या फ्लॅटमध्ये तो कुठे ठेवणार होता. मी मडगार्डवर बसले, ठोकलेल्या नाही, दुसऱ्या. हे चालवत होते, पण कान इंजिनात. जरा आवाज बदलला की वेग कमी करायचे, मान वाकडी करून ऐकायचे, पुन्हा वेग घ्यायचे. "काही होत नाही," मी म्हणत होते, आणि मीही तितकेच कान देऊन ऐकत होते. घरी न जाता सरळ शेतावर जायचं ठरवलं होतं. समोर मावशीचं शेत दिसायला लागलं. बांधावर तो शेतकरी उभा होता.

आणि ट्रॅक्टरनं दोन आचके दिले, खाकरल्यासारखं केलं आणि भर रस्त्यात बंद पडला.

हे उतरले. किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. इंजिन नुसतं फिरायचं, पेट घ्यायचं नाही. मागे गाड्या थांबायला लागल्या, हॉर्न वाजायला लागले. बघ्यांना काय, कुठूनही उगवतात. बांधावरचा शेतकरी लगबगीनं रस्त्याकडे निघाला. आणि मोटारसायकलवरून नेमका वीटभट्टीवाला आला, ज्याला ह्यांच्या "नको"मुळे एकामागून एक तीन ट्रॅक्टर सोडावे लागले होते आणि जो त्याबद्दल अजून धुसफुसत होता. त्यानं गाडी बाजूला लावली आणि कमरेवर हात ठेवून फुल्यांनी भरलेला ट्रॅक्टर नीट बघून घेतला.

ह्यांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. हे इंजिनाकडेही बघत नव्हते. टाकीकडे बघत होते. मग चढून झाकण उघडलं, आत बघितलं आणि तसेच उभे राहिले. डिझेलचा काटा बंद आहे, हे पोस्टमननं आदल्या दिवशी सांगितलं होतं. ह्यांनी मान डोलावून तिथेही फुली मारली होती. काटा बंद म्हणजे टाकी उघडून बघावी लागेल, हे मात्र ह्यांच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही. टाकी कोरडी ठणठणीत होती.

"काय हो," वीटभट्टीवाल्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हा कुणी पसंत केला?"

ठरल्याप्रमाणे मी तोंड उघडलं. "मी—"

"मी केला," हे म्हणाले. वरूनच, झाकण हातात धरून. "ट्रॅक्टर चांगला आहे. टाकीत डिझेल बघायचं मी विसरलो."

वीटभट्टीवाला हसला. बघे हसले, बांधावरचा शेतकरी तर गुडघ्यांवर हात टेकून हसला. हे खाली उतरले, कपाळावरचा घाम पुसला आणि त्यांचं हसणं संपेपर्यंत तिथेच उभे राहिले. कान लाल झाले होते, पण हलले नाहीत. गुडघाही हलत नव्हता.

"हसून झालं असेल तर मला पंपापर्यंत सोडा," हे वीटभट्टीवाल्याला म्हणाले. "येताना कॅन घेऊन येतो. मग डिझेलच्या नळीतली हवा काढायला मदत करा."

त्यानं गाडीला किक मारली, हे मागे बसले आणि गेले.

मी मडगार्डवर एकटीच बसून राहिले. डोळ्यांत पाणी येत होतं, ते पुसत होते. एका ट्रकवाल्यानं बाजूनं गाडी काढताना विचारलं, बिघडला का?

"नाही," मी म्हटलं. "मालक डिझेल आणायला गेलेत."